भंडारा जिल्हा

भंडारा जिल्हा : पूर्व विदर्भातील धान व तलावांचा जिल्हा. क्षेत्रफळ ४,०८७ चौ. किमी. लोकसंख्या १२,००,३३४ (२०११). उत्तरेस बालाघाट (मध्य प्रदेश), पूर्वेस गोंदिया, दक्षिणेस चंद्रपूर व गडचिरोली, पश्चिमेस नागपूर जिल्हा. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे तालुके.

भूवर्णन : वैनगंगा ही मुख्य नदी, बावनथडी, सूर, कन्हान व चुलबंद या तिच्या उपनद्या. पवनी तालुक्यात तिच्यावर गोसीखुर्द धरण असून त्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. साकोली-लाखांदूरकडे मात्र शेती जुन्या तलावांवर वाढली. गोंड राजवटीत कोहळी समाजाने उताराला आडवी मातीची पाळ घालून पाणी अडवले. ‘तुडूम’मधून (पाणी सोडण्याचे दार) ते नहरेत सोडतात, जादा पाणी ‘सलंगा’वरून (सांडवा) खालच्या बोडीत (लहान तळ्यात) उतरते. मालगुजारी (गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची) पद्धत गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले आणि ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

आर्थिक स्थिती : धान हे मुख्य पीक. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) परिसरातही पावसाळ्याचा मोठा भाग रोवणीत जातो : आधी पऱ्हे (धानाची रोपे) टाकायचे, मग चिखल केलेल्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) ते रोवायचे. तलावांत ढिवर समाज मासेमारी करतो. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. भंडाऱ्याची पितळी भांडी आणि मोहाडी-आंधळगावचे कोसा कापड प्रसिद्ध आहे. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे.

इतिहास : पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केले. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथून पराभूत झाले. १९५६ मध्ये जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.