वाचता येईल का? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न कुठला? ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती?’ ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा सगळं गाव या एका आकड्यावर डोळे लावून होतं. आता समजा, आकडा तीन तास बदललाच नाही. पाणी थांबलं, की आकडा यायचा थांबला?

संगणकालाही हा प्रश्न जुनाच आहे. युनिक्समध्ये फाईल असो, कीबोर्ड असो, वाचायची रीत एकच : ‘रीड’. पण कीबोर्डवरून काही आलंच नसेल, तर प्रोग्राम तिथंच ताटकळत बसायचा. एका ओढ्यापाशी बसलं, की बाकीच्या नऊ ओढ्यांकडे दुर्लक्ष. बरं, सारखं प्रत्येकाकडे डोकावत राहावं, तर सगळा वेळ हेलपाट्यांतच जायचा.

१९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ‘सिलेक्ट’ आलं. ‘या सगळ्यांवर लक्ष ठेव, कुठं काही आलं की उठव, आणि ठरल्या वेळात काहीच आलं नाही, तरी उठव.’ पुढे हजारो जोडण्या सांभाळायला २००२ मध्ये लिनक्समध्ये ‘ईपोल’ आलं. आपल्याला यात नवल ते काय? शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी पातळीला आलं, की दार आपणहून उघडतं.

पण खरी गोम पुढं आहे. ‘वाचता येईल’ म्हणजे नेमकं काय? डॉटनेटमधलं ‘कॅनरीड’ एवढंच सांगतं, की या प्रवाहातून वाचायची सोय आहे. आत काही आलंय का, हे ते सांगत नाही. ‘सिलेक्ट’ होय म्हणालं, तर ‘रीड’ अडकणार नाही, इतकाच भरवसा. प्रवाह संपला असला तरी उत्तर ‘होय’च येतं, आणि वाचायला गेलं की हाती शून्य बाइट. मुदत सरून गेली, तर ती नुसती शांतता. सोय, शेवट आणि शांतता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, की पडद्यावर जुनाच आकडा दिमाखात उभा राहतो.

म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं : आकड्याशेजारी तो कधी आला, ती वेळही दाखवा. नदीकाठचा माणूस त्या आकड्यावरच ठरवतो, जनावरं आत्ता सोडायची की उद्या सकाळी.