कीड, ऊन आणि बुधवाऱ्यातली दोन कवाडं

बुधवाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराला सागवानी दार होतं, दोन कवाडांचं. आज त्यातलं एकच धड आहे. दुसरं मी घालवलं, म्हणून हे टिपण.

कवाडांच्या कडेला बारीक भोकं दिसली आणि उंबऱ्यावर मैद्यासारखा भुसा. हे भुंगेऱ्याचं काम. सागाचा गाभा तो सहसा खात नाही, बाहेरचं फिकट लाकूड खातो. अळी आतच वाढते, त्यामुळे वरून लावलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

उष्णतेने कीड मरते हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं. मे महिन्यात गहू-गाद्या उन्हात, आणि ढेकूण झाले की बाजेवर उकळतं पाणी! डेन्मार्क-जर्मनीत १९३०च्या दशकापासून किडलेल्या छपरांत गरम हवा सोडू लागले. आज माल परदेशी धाडायच्या लाकडी खोक्यांसाठी जागतिक नियम आहे: गाभ्यात ५६ अंश, ३० मिनिटं.

नोकरीमुळे हा आकडा मला पाठ होता. पहिलं कवाड बंद खोलीत हीटर लावून तापवलं. फळी उभी तडकली. चूक हवेच्या हिशेबात होती. २५ अंशांना ५० टक्के आर्द्रतेची हवा तशीच ५५ अंशांवर नेली, की आर्द्रता जेमतेम १० टक्के उरते. अशी हवा लाकडातली ओल शोषते. पृष्ठभाग आधी आकसतो आणि चिरतो.

दुसरं कवाड मे महिन्यात सुती चादरीत गुंडाळलं, वरून काळं प्लॅस्टिक हवाबंद केलं. आत हवा थोडी, लाकूड भरपूर. त्यामुळे लाकूडच आपली आर्द्रता सांभाळतं. जुन्या खिळ्याच्या भोकात थर्मोकपल बसवला. वरची बाजू लवकर तापली, पण गाभा ५५ अंशांवर यायला दुपार उलटली. तासभर ते तापमान टिकवलं, मग सावलीत हळूहळू निवू दिलं. दोन पावसाळे झाले, उंबऱ्यावर नवा भुसा नाही.

मात्र रंगकाम, लाख, मेण किंवा सरसाचे सांधे असलेल्या वस्तूवर हा प्रयोग घरी करू नका. तिथे आर्द्रता राखणारी बंदिस्त खोली आणि जाणकार संवर्धकच हवा. शिवाय उष्णता मागे विष ठेवत नाही, तसंच संरक्षणही ठेवत नाही. कीड पुन्हा येऊ शकते. म्हणून दर पावसाळ्यानंतर मी उंबऱ्यावर काळा कागद अंथरतो आणि महिन्याने पाहतो.

तडकलेलं कवाड टाकलेलं नाही. ते धड कवाडाशेजारीच उभं आहे.