आसाला वंगण, हाताला तेल



इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि तहनामे आठवतात. आज मी आपल्यापुढे निराळेच दप्तर उघडणार आहे. ते म्हणजे वृद्धांच्या हातांची कातडी.

इंदापूर तालुक्याचा हा भाग मूळचा अवर्षणाचा. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळाले. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर ऊस आणि कारखाना उभा केला. त्यांचे नाव गावाला लाभले, ते योग्यच झाले. परंतु माळाचा मळा करणाऱ्या हातांची नोंद त्या हातांवरच राहिली.

ती वाचावयाची कशी? वृद्ध शेतकऱ्याच्या दंडाची आतली बाजू पाहावी, आणि मग त्याच हाताच्या पंजाची पाठ पाहावी. वय दोहोंचे एकच. पण दंड मऊ, आणि पंजाची पाठ सुरकुतलेली, डागाळलेली. म्हणजे हे सारे वयाचे काम नव्हे. बरेचसे उन्हाचे आहे. १८९४ साली हांबुर्गच्या उन्ना या वैद्याने दर्यावर्द्यांच्या कातडीवरील उन्हाचे परिणाम वर्णिले. दोनच वर्षांनी फ्रान्सच्या द्युब्रेयने द्राक्षमळ्यांतील मजुरांवर तेच पाहिले. आपल्या सावळ्या रंगाचे संरक्षण अधिक, परंतु पुरेसे नव्हे. उन्हातील अतिनील किरण कातडीतील आधारतंतू तोडतात आणि बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. मग बाजेचा कोपरा लागला तरी जांभळा डाग उमटतो. तेलग्रंथीही वयाबरोबर मंदावतात.

यावर आपल्या पूर्वजांनी विचार केला नव्हता असे नाही. मडके, चामडे आणि गाडीचा आस जसे तेलाने टिकतात, तसे शरीरही टिकते, असे चरकसंहिता सांगते. वाग्भटाने तर अभ्यंग दिनचर्येतच घातला. गंमत अशी की, उसाच्या गाडीच्या आसाला नेमाने वंगण देणारा गाडीवान स्वतःच्या हातांना मात्र विसरला.

ऊसतोडीला येणाऱ्या बाया साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी सदरा चढवतात. उसाच्या पानांच्या धारेने हात चिरू नयेत, एवढाच त्यांचा हेतू. पण तोच सदरा ऊनही अडवतो. गरजेतून निघालेले हे शहाणपण साऱ्यांनीच घ्यावे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. आंघोळ कोमट पाण्याने करावी, साबण बेताने वापरावा, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे तेल हलक्या हाताने लावावे. पातळ कातडी रगडू नये. न भरणारी जखम किंवा वाढत जाणारा खरखरीत डाग दिसल्यास डॉक्टर गाठावा.

झालेली झीज सगळी भरून येणार नाही. पुढची मात्र पुष्कळ टळेल. ज्या हातांनी या माळावर ऊस पिकवला, त्यांना संध्याकाळी वाटीभर तेल घेऊन बसणारे एखादे नातवंड मिळावे, इतकेच माझे मागणे आहे.