लसीकासूज (स्तनकर्करोगोत्तर) व फिजिओथेरपी
स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसीकाग्रंथी काढल्यावर किंवा तेथे किरणोपचार दिल्यावर लसीकाद्रवाचा निचरा अडून हात सुजतो. २०१३ च्या एका व्यापक आढाव्यानुसार उपचार झालेल्या सुमारे पाचपैकी एका स्त्रीला हा त्रास होतो. सूज सहसा समूळ जात नाही, पण आटोक्यात राहते: त्वचेची निगा, हलक्या हाताचे निचरा-मालीश, बोटांकडे घट्ट व खांद्याकडे सैल असे अनेक थरांचे पट्टे, ते बांधूनच व्यायाम आणि पुढे दिवसभर दाब देणारी लवचीक बाही.

‘या हाताने जड उचलू नका’ हा सल्ला मात्र अजूनही सर्रास दिला जातो. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या कारखान्यात सुट्या भागांच्या जुळणीवर असलेल्या स्त्रीला त्यापायी नोकरीच सोडावी लागू शकते, म्हणून तो पुराव्यावर घासून पाहायला हवा. अमेरिकेतील १४१ स्त्रियांच्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, बेताबेताने वाढवलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही. उलट ती बळावण्याचे प्रसंग घटले. कारखान्यातले काम म्हणजे व्यायाम नव्हे, हा आक्षेप रास्त आहे, कारण तिथला वेग कामगाराच्या हाती नसतो. पण त्यावर उतारा म्हणजे कामाची अदलाबदल, हातमोजे आणि हाताच्या घेराचे नियमित मोजमाप. हात बांधून बसणे नव्हे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासाठी वाढीव आजार लाभ मिळतो खरा, पण त्याला मुदत आहे आणि ही सूज वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. हात लाल व गरम होऊन ताप आल्यास मात्र मालीश आणि पट्टे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.