'दादा' : एका हाकेची कथा

आम्ही खानदेशातील माणसे सीमेवर राहतो, म्हणून शब्दांची गंमत आम्हांस लवकर कळते. रावेरहून केळीच्या बागा मागे टाकीत खांडव्याच्या लोहमार्गाने निघाले की बऱ्हाणपूर लागते, आणि 'दादा' या हाकेचा अर्थ बदलतो. रावेरच्या मराठी घरात दादा म्हणजे थोरला भाऊ. बऱ्हाणपूरच्या हिंदी घरात आजोबा. खांडव्यास धूनीवाले दादाजींची समाधी आहे; तेथे हीच हाक संतपदास पोहोचली. त्याच खांडव्याचे अशोककुमार चित्रसृष्टीत बंगाली रीतीने 'दादामुनी', म्हणजे पुन्हा थोरले भाऊच झाले.

नाते बदलले, तरी वडीलकीचा मान टिकला. महाराष्ट्राने तो सार्वजनिक जीवनातही दिला. १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके दादासाहेब झाले. सांगलीचे वसंतराव पाटील वसंतदादा झाले.

मग या शब्दास दहशतीचा वास कोठून लागला? त्याचे एक उत्तर मुंबईच्या गिरणगावात सापडते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार घराला पारखा झालेला असे. वस्तीत आखाडा चालविणारा, अडीनडीला धावणारा, तंटे मिटविणारा बलदंड माणूस त्याला थोरल्या भावाच्या ठिकाणी वाटे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी अशा दादांचा दबदबा सविस्तर वर्णिला आहे. संपाच्या दिवसांत त्यांचे बळ मालकांनाही हवे असे आणि संपवाल्यांनाही. हळूहळू आधाराची किंमत वसूल होऊ लागली. दादा म्हणजे गुंड, हा अर्थ रुळला. फारसी 'गिरी' जोडून 'दादागिरी' झाली. दुसरीकडे एखाद्या विद्येत पारंगत असलेल्यासही लोक कौतुकाने 'त्यातला दादा' म्हणतात.

या अर्थांत आम्हांस एकच जुना प्रश्न दिसतो : थोरल्याचे बळ कोणासाठी? काइनाने ते हाबेलावर चालविले. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ रागावून दाराबाहेरच राहिला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल प्रभू येशूला अनेक भावंडांतील थोरला मानतो. त्या थोरल्याने धाकट्यांकडून काही वसूल केले नाही; त्यांच्यासाठी प्राण वेचले.

आपल्या घरी धाकटी भावंडे आजही 'दादा' अशी हाक मारतात. तीत भरवसा आहे की भीती, हे थोरल्यांनी अधूनमधून मनाशी तपासावे. कोशात अर्थ कितीही असोत, घरातला अर्थ त्यांच्याच हाती आहे.