स्थळ हवाईचं, सूट उसना

नेहमीप्रमाणे एपिसोडचा लिखित भाग इथे देतोय. बोलताना जे घाईत राहून गेलं, ते थोडं जोडलंय.

साखरपुडा ठरला की हल्ली हॉलच्या आधी फोटोशूटची तारीख ठरते. त्यातून बेटावर जायचं असेल, म्हणजे अंदमान, बाली, मॉरिशस, आणि खिसा तेवढा जड असेल तर हवाई, तर मग पंधरा दिवस एकच चर्चा: घालायचं काय? तिचा वाऱ्यावर उडणारा पांढरा गाऊन आणि त्याचा लिननचा शर्ट? की दोघांनीही फुलाफुलांचं मॅचिंग? सूटचा विषय कोणी काढला की बाकीचे त्याला वेड्यात काढतात. त्या दमट उन्हात सूट कोण घालतं?

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांनी हवाई बेटांवर राहून नेमका सूटच निवडला. तोही बऱ्याचदा दुसऱ्याचा. कारण त्यांचा फोटो ही साखरपुड्याची आठवण नव्हती. तो फोटो म्हणजेच साखरपुडा होता.

थोडं मागे जाऊ. हवाईत तेव्हा साखरेचं राज्य होतं. मैलोन्‌मैल ऊस, मळ्यांचे मालक बहुतेक गोरे, आणि राबणारे हात बाहेरून आणलेले: चीन, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपिन्स, आणि सगळ्यात जास्त जपान. १८८५ पासून जपानी मजूर सरकारी कराराने जहाजं भरभरून येऊ लागले. १८९८ साली अमेरिकेने ही बेटं ताब्यात घेतली. १९०० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १,५४,००१ होती आणि त्यातले ६१,१११ जपानी. त्यांच्यात एका बाईमागे साधारण साडेतीन पुरुष. म्हणजे साखरेच्या बेटावर साखरपुड्याचाच दुष्काळ!

बरेचजण तीन-चार वर्षं राबून, पैसे साठवून गावी परत जायच्या हिशेबाने आले होते. पैसे साठलेच नाहीत. १९०९ साली जपानी मजुराला महिन्याला १८ डॉलर मिळत होते आणि त्याच कामाचे पोर्तुगीज मजुराला साडेबावीस. (याच कारणावरून त्या वर्षी मोठा संप झाला. त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.) लग्नासाठी गावी जायचं तर बोटीचं भाडं, लग्नाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. परवडणार कसं?

त्यात १९०७-०८ मध्ये जपान आणि अमेरिका यांच्यात एक समझोता झाला. त्याने नवे मजूर येणं बंद झालं, पण आधीच आलेल्यांच्या बायकामुलांना मात्र येता येणार होतं. नियमातली ही फट लोकांनी बरोबर हेरली. बायकोला यायला परवानगी आहे ना? मग आधी बायको करू, भेटू नंतर.

जपानमध्ये लग्न कायद्याने पक्कं व्हायला नवरदेव हजर असावा लागत नसे. मध्यस्थ दोन घरं जुळवायचा, फोटोंची देवाणघेवाण व्हायची, आणि मुलीचं नाव नवऱ्याच्या घराण्याच्या सरकारी नोंदवहीत चढलं की ती बायको. १९०८ ते १९२४ या काळात अशा दहा हजारांहून जास्त नवऱ्या जपानहून हवाईत आल्या, कोरियातूनही शेकडो आल्या. इतिहासात त्यांना ‘पिक्चर ब्राइड’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘फोटोवर दिलेल्या मुली’.

आता त्या फोटोकडे बघू. खरा मुद्दा तिथेच आहे.

ऊस तोडणाऱ्या माणसाकडे सूट कुठून असणार? मग मित्राचा, ओळखीच्याचा किंवा स्टुडिओतला सूट. बूट उसने, टाय उसना. केस चापूनचोपून बसवलेले. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. बाहेर खरा समुद्र, खरी नारळाची झाडं, आज आपण ज्यासाठी लाखभर रुपये मोजतो ते सगळं फुकट पसरलेलं, आणि फोटोत त्यातलं काहीच नको असायचं! कारण ऊन, समुद्र, उघडं आभाळ यांचा अर्थ त्या माणसासाठी मजुरी होता. सुट्टी ही कल्पना त्याच्या वाट्याला आलीच नव्हती.

शिवाय तेव्हाच्या फोटोच्या काचांना लाल रंग नीट ‘दिसत’ नसे. तांबडं ते काळपट यायचं, निळं ते फिकट. उन्हाने रापून लाल झालेला चेहरा फोटोत आणखीच काळा उमटायचा. मग स्टुडिओवाला काचेवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसायचा. फिल्टर ही इन्स्टाग्रामने काढलेली गोष्ट नाही, बरं का. काहींनी तर नवीन फोटो काढलाच नाही. दहा वर्षांपूर्वीचा, तरुणपणीचा होता तोच पाठवून दिला.

पलीकडे, समुद्राच्या दुसऱ्या काठावर, मुलगी घरातला सगळ्यात चांगला किमोनो नेसून फोटोला बसायची. स्थळाला फोटो पाठवताना आपल्याकडेही शेजारणीचा हार आणि मावशीचा शालू निघतोच की. यात नवल काही नाही.

मग होनोलुलू बंदर. इमिग्रेशनच्या इमारतीत तरुण मुली हातात फोटो धरून बसलेल्या, आणि समोरून येणाऱ्या पुरुषांत तो चेहरा शोधताहेत. सूट नाही, चेहरा दहा-पंधरा वर्षांनी मोठा. काही मुली रडल्या, काहींनी त्या माणसासोबत जायला नकार दिला, काही परतही गेल्या. बहुतेकजणी राहिल्या. परत जायला भाडं लागतं, आणि परत गेलेल्या मुलीकडे गाव कसं बघतं, हे वेगळं सांगायला नको. सुरुवातीची काही वर्षं तर अमेरिकी अधिकारी जपानी नोंदवहीवरचं लग्न मानायलाच तयार नव्हते. ते बंदरावरच अनेक जोडप्यांना एकत्र उभं करून पुन्हा लग्न लावायचे. आज कळलं हा कोण, आणि आजच लग्न.

यावर सरळ ‘फसवणूक’ असा शिक्का मारून मोकळं व्हायचा मोह होतो. मुलींची फसवणूक झाली हे खरंच आहे, त्यात मला शंका नाही. पण तो सूट एकट्या मुलीसाठी नव्हता. तो गावाकडच्या आईबापांसाठीही होता. परदेशी गेलेला मुलगा महिन्याला १८ डॉलरवर राबतोय, हे सांगणारा फोटो कोण पाठवेल? आज आखातातून किंवा अमेरिकेतून घरी येणारे फोटो आठवा. त्यात गाडी असते. गाडीचा हप्ता फोटोत मावत नाही.

लग्न झालं की किमोनो पेटीत जायचा आणि मळ्याचे कपडे अंगावर यायचे. कारण नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भागत नसे, बायकोही उसात उतरायची, आणि तिला मजुरी पुरुषाहून कमी. उसाची पानं करवतीसारखी, त्यामुळे अंगाचा इंचही उघडा ठेवून चालत नसे. कासुरी नावाच्या जाड सुती कापडाचं जाकीट, हातांना आणि पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, डोक्याला फडकं, त्यावर टोपी. हे कापड कुठून यायचं? बऱ्याचदा माहेरून आणलेल्या सुती किमोनोचे टाके उसवून. अंगावर मळ्याचा नंबर कोरलेला धातूचा बिल्ला. या वेषात मुद्दाम स्टुडिओत जाऊन फोटो कोण काढणार?

आता फुलाफुलांच्या शर्टाकडे वळू, कारण तोही याच घरांतून निघालाय. १९३० च्या दशकात होनोलुलूच्या शिंप्यांकडे किमोनोसाठी जपानहून आलेलं छापील कापड असायचं, त्याचे शर्ट शिवले जाऊ लागले. कोइचिरो मियामोतो यांच्या ‘मुसा-शिया’ या दुकानाने जून १९३५ मध्ये वर्तमानपत्रात ‘अलोहा शर्ट’ अशी जाहिरात दिली. एलरी चन या चिनी वंशाच्या दुकानदाराने पुढे हेच नाव व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवलं.

आणि हो, यात एक आपल्याकडचा धागाही आहे. सिंधमधल्या हैदराबादचे गोविंदराम वाटुमल यांचं कुटुंब होनोलुलूत ‘ईस्ट इंडिया स्टोअर’ चालवायचं. १९३६ साली त्यांची मेहुणी, चित्रकार एल्सी दास, हिने दुकानासाठी कापडावर हवाईची स्थानिक फुलं रेखाटली. तोवर कापडावर जपानी नक्षी असायची. डिझाइन हवाईचं, छपाई जपानमध्ये, दुकान सिंध्याचं! एल्सीची बहीण एलेन हिने वाटुमलांशी लग्न केलं, तर तेव्हाच्या कायद्यानुसार तिचं अमेरिकी नागरिकत्वच गेलं, कारण नवरा हिंदुस्थानी. तो कायदा बदलावा म्हणून ती झगडली आणि नागरिकत्व परत मिळवलं.

बेटावरचा फोटो स्टुडिओतून उन्हात आला तो रंगीत फिल्ममुळे. सुरुवातीच्या रंगीत फिल्मला भरपूर प्रकाश लागायचा आणि पर्यटकांसाठीचे हुला नाच व्हायचे रात्री. म्हणून १९३७ मध्ये कोडॅकच्या तिथल्या प्रमुखाने भर दिवसा ‘कोडॅक हुला शो’ सुरू केला. उद्देश हा की लोकांनी फोटो काढावेत आणि फिल्म खपावी. हा शो २००२ पर्यंत चालला. आज डोळ्यांसमोर जे ‘बेटाचं चित्र’ येतं, त्यातला बराचसा भाग फिल्म विकण्यासाठी उभा केलेला आहे.

पण ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला आणि हवाईतल्या जपानी घरांवर संशयाची नजर पडली. बेटांच्या लोकसंख्येत ते तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त होते. अनेक घरांनी जपानशी नातं सांगणाऱ्या वस्तू भीतीपोटी जाळल्या, पुरल्या: पत्रं, किमोनो, फोटो. ज्या फोटोवर लग्न ठरलं, तो आपल्याच चुलीत घालायचा.

आज जपानमधून कितीतरी जोडपी लग्नासाठी आणि फोटोंसाठी मुद्दाम हवाईला येतात, आणि समुद्रकिनाऱ्यावर भाड्याचा सूट, भाड्याचा गाऊन घालून उभी राहतात. तिथले स्थानिक मात्र भडक शर्ट फारसे घालत नाहीत. साठच्या दशकात तिथे कापड उलटं करून शिवलेला, फिक्या रंगाचा शर्ट निघाला. ऑफिसलाही तोच चालतो. तेव्हा तुम्ही तिकडे जाणार असाल आणि पर्यटक दिसायचं नसेल, तर फिकं निवडा, एवढा फुकटचा सल्ला.

मळ्यावरचे ते कामाचे कपडे पूर्ण हरवले नाहीत, याचं श्रेय बार्बरा कावाकामी यांना जातं. त्या ओआहू बेटावरच्या उसाच्या मळ्यावर वाढल्या, कितीतरी वर्षं शिवणकाम केलं आणि पन्नाशीनंतर विद्यापीठात शिकल्या. म्हाताऱ्या झालेल्या या नवऱ्यांच्या घरोघरी जाऊन त्यांनी मुलाखती घेतल्या, कपडे गोळा केले, आणि १९९३ साली त्यावर पुस्तक काढलं. स्वतः शिवणारी बाई असल्यामुळे त्यांना कपड्यावरून कळायचं की कुठला टाका आधीचा, कुठला नंतरचा, आणि हे जाकीट आधी किमोनो होतं. ते कपडे आता लॉस एंजेलिसच्या जपानी अमेरिकन संग्रहालयात आहेत.