मॅट्रिकपासून कृतिपत्रिकेपर्यंत : शालान्त परीक्षेतील इंग्रजी आणि खानदेशातील विद्यार्थी

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळेतून दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत इंग्रजी हा विषय 'तृतीय भाषा' म्हणून गणला जातो. चोपडा तालुक्यापुरते बोलायचे तर ही गणती अपुरी आहे. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यात घरात अहिराणी किंवा गुजर बोली बोलली जाते. डोंगराकडच्या पाड्यांवर पावरा, बारेला व तडवी समाजांच्या बोली आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीची नोंद १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात भिल्ली भाषांसोबत, मराठीपासून वेगळी केलेली आहे. तिच्या वर्गीकरणाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी एवढे निश्चित की येथील पुष्कळ मुलांना प्रमाण मराठी ही शाळेतच शिकावी लागते. त्यानंतर हिंदी येते आणि मग इंग्रजी. म्हणजे कागदावरची तिसरी भाषा प्रत्यक्षात चौथी असते.

अशा विद्यार्थ्याची इंग्रजी शालान्त परीक्षेने कशी तपासली, आणि त्या तपासणीत व्याकरण, शब्दसंग्रह व वाचन यांना कसे स्थान मिळत गेले, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. 'मॅट्रिक नापास' हा शब्दप्रयोग मराठीत माणसाची सामाजिक ओळख सांगणारा ठरला. लग्नाच्या बोलणीपासून तलाठ्याच्या नोकरीपर्यंत तो पुढे येत असे. तो ज्यांच्या वाट्याला आला, त्यांतील अनेकांना इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेनेच तो मिळवून दिला होता.

मॅट्रिकची इंग्रजी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली व पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील उत्तीर्ण विद्यार्थी होत. ही परीक्षा शालेय शिक्षणाची सांगता नव्हती. ती विद्यापीठाच्या प्रवेशाची कसोटी होती, आणि पुढील सर्व अध्ययन इंग्रजीतून होणार असल्याने तिचा भर इंग्रजीवर राहणे स्वाभाविक होते. मात्र विद्यापीठाच्या दारावरची ही कसोटी हळूहळू कचेरीच्या दारावरचीही कसोटी बनली. सरकारी नोकरीसाठी मॅट्रिकचा दाखला मागितला जाऊ लागला आणि ज्यांना महाविद्यालयात जायचेच नव्हते त्यांनाही महाविद्यालयीन मापाने मोजले जाऊ लागले. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यात विद्यापीठीय शाखेबरोबर व्यावहारिक शाखाही असावी अशी शिफारस केली, ती या विसंगतीची जाणीव ठेवूनच. याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. आयोगाची शिफारस बराच काळ कागदावर राहिली.

त्या काळच्या मॅट्रिकची इंग्रजी अवघड होती, असे जुनी पिढी अभिमानाने सांगत असे. त्यात तथ्य आहे. परंतु त्या अवघडपणाचे कारण सांगताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. चार मराठी इयत्तांनंतर विद्यार्थी इंग्रजी पहिलीत जाई आणि सात इंग्रजी इयत्ता पूर्ण करून मॅट्रिकला बसे. वरच्या इयत्तांत इतिहास, गणित, विज्ञान हे विषयही इंग्रजीतून शिकविले जात. त्यामुळे इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेची तयारी केवळ इंग्रजीच्या तासाला होत नसे; भूमितीच्या तासालाही ती होत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माध्यम क्रमाक्रमाने मराठी होत गेले. शिक्षणाच्या दृष्टीने हा बदल इष्टच होता. परंतु इंग्रजीला मिळणारा हा आडून येणारा पाठिंबा त्यामुळे संपला. प्रश्नपत्रिकेची घडण मात्र जुनीच राहिली, आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याच्या अडचणींचे मूळ बहुतांशी येथे आहे.

या घडणीचा पाया भाषांतर आणि व्याकरण हा होता. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या 'भाषांतर पाठमाला' महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी गिरविल्या. नियम, शब्द, मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचे मराठी, अशी ही चोख पद्धत होती. 'तर्खडकरी इंग्रजी' असे पुढे तिला थट्टेने म्हटले गेले, तरी शिक्षकाविना इंग्रजी शिकू पाहणाऱ्या खेड्यातील मुलाला त्या पुस्तकाइतका आधार दुसऱ्या कशाचा नव्हता, हेही मान्य करावे लागेल. त्यानंतर नेसफिल्ड यांचे व्याकरण आले आणि १९३० च्या दशकात रेन व मार्टिन यांचे. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. साहसकथा लिहिणारे कादंबरीकार म्हणून इंग्लंडमध्ये त्यांची ख्याती होती. भारतात मात्र त्यांचे नाव कर्तरी-कर्मणी आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथन यांच्याशी कायमचे जोडले गेले.

या ग्रंथांतील व्याकरण हे मुख्यतः वाक्यपरिवर्तनाचे व्याकरण आहे. दिलेले वाक्य अर्थ न बदलता दुसऱ्या रूपात लिहायचे. 'निर्देशाप्रमाणे करा' या शीर्षकाखाली हाच प्रकार शालान्त परीक्षेत दशकानुदशके टिकून राहिला. 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, 'नो सूनर–दॅन' वापरा, तुलनेची श्रेणी बदला, 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो' ने जोडा. प्रगत व्याकरणाची परीक्षा म्हणून या प्रश्नांकडे पाहिले जाते. परंतु त्यांतील बरेचसे प्रश्न वाक्याचा अर्थ न समजताही सोडविता येतात. साचा ओळखला की पुरे. 'टू' दिसला की 'सो–दॅट' आणि नकार, एवढे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात. खाजगी शिकवण्या आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचा संसार याच साच्यांवर उभा राहिला. त्याच विद्यार्थ्यापुढे औषधाच्या डबीवरील चार इंग्रजी ओळी ठेवल्या तर तो अडतो, हा अनुभव कोणत्याही महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या शिक्षकाला नवा नाही.

वर्षांचा हिशेब

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन माध्यमिक शालान्त परीक्षा आली ती १९४८ च्या कायद्याने. याच सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने इंग्रजीचे शिक्षण आठवीपासून सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. प्राथमिक शिक्षणावरील परभाषेचे ओझे काढणे हा त्यामागील हेतू गैर नव्हता. पण परिणामी, पूर्वी सात वर्षांत होणारा अभ्यास अकरावीच्या शालान्त परीक्षेपर्यंतच्या चार वर्षांत उरकावा लागला. या काळात मोठ्या शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांना मात्र वेगळे वळण मिळाले. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने मुंबई सरकारने, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना त्या शाळांत प्रवेश देण्यास मनाई केली. देवळाली येथील बार्न्स हायस्कूल चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो आदेश रद्द ठरविला. ज्यांना परवडत होते त्यांच्यासाठी इंग्रजीचा रस्ता अशा रीतीने मोकळा राहिला. चोपडा, यावल, शिरपूरच्या मुलांपुढे आठवीची इंग्रजी एवढाच पर्याय होता.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर इंग्रजी पुन्हा पाचवीपर्यंत खाली आणली गेली. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, तेव्हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला सहा वर्षांचा अवधी मिळत होता. पुढे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली व तो दहा वर्षांचा झाला. सात, चार, सहा, दहा असा हा वर्षांचा हिशेब आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी वर्षांवर वाद झाले, अग्रलेख लिहिले गेले, मोर्चे निघाले. प्रश्नपत्रिकेत काय विचारावे यावर तशी सार्वजनिक चर्चा क्वचितच झाली. पाचव्या इयत्तेपासून शिकविले काय आणि पहिलीपासून शिकविले काय, अखेरीस साचेच विचारले जाणार असतील तर वाढलेली वर्षे कोठे खर्च होतात, हा प्रश्न विचारावयास हवा होता.

वाचनाचा प्रश्न

या संदर्भात अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाचा विचार लक्षणीय आहे. १९२६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी द्विभाषिकतेचा प्रश्न बंगालच्या संदर्भात मांडला. त्यांनी विम्याच्या व्यवहारातील एक संज्ञा वापरली. विम्याची पॉलिसी मुदतीआधी सोडली तरी काही रक्कम हाती येते. तसे शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती इंग्रजीचे काय उरते? अर्धवट व्याकरणाची परत मिळणारी किंमत जवळजवळ शून्य असते. साधे इंग्रजी वाचता येऊ लागले असेल तर ते आयुष्यभर उपयोगी पडते. म्हणून वाचन आधी, आणि तेही मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांच्या आधारे, असे त्यांचे प्रतिपादन होते. खानदेशात आठवी-नववीतून शेतीकडे किंवा मजुरीकडे वळणाऱ्या मुलांची संख्या पाहता वेस्ट यांचा प्रश्न येथेही तंतोतंत लागू पडतो.

वाचनाची ही किंमत खानदेशाला अनोळखी नव्हती. चोपड्याच्या दक्षिणेस, तापीपलीकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते. पुढील आयुष्यात त्यांनी टॉलस्टॉयचे कलाविषयक चिंतन इंग्रजीद्वारा मराठीत आणले, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीचे 'दुःखी' केले. परीक्षेत मिळालेल्या इंग्रजीचा हा खरा विनियोग म्हणता येईल.

शालान्त परीक्षेत वाचनाची तपासणी उताऱ्यांवरील प्रश्नांनी होत आली आहे. त्यात पाठ्यपुस्तकातील उतारा आणि अपठित उतारा असा भेद असतो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याच्या बाबतीत उत्तरे मार्गदर्शिकेतून आधीच पाठ झालेली असतात, त्यामुळे तेथे वाचनाऐवजी स्मरणशक्ती मोजली जाते. अपठित उतारा तुलनेने प्रामाणिक असला तरी प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधून तेथील वाक्य उतरवून काढण्याची युक्ती तिथेही चालते. शब्दसंग्रहाचीही स्थिती निराळी नाही. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ होतात. वाक्यातील शब्दाचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून काढण्याची सवय लागत नाही.

अलीकडच्या काळात ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न झाला. प्रश्नपत्रिकेच्या जागी 'कृतिपत्रिका' आली. उताऱ्यावर माहितीपर, आकलनपर, शब्दसंग्रहाच्या व स्वमताच्या कृती देण्यात येऊ लागल्या आणि पाठांतराला वाव कमी करण्याचा उद्देश सांगण्यात आला. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत २० गुणही काढून टाकण्यात आले. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली व पुढील वर्षासाठी अंतर्गत गुण परत आणले गेले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. दोन वर्षांत विद्यार्थ्यांची भाषा एवढी बिघडली किंवा सुधारली असे कोणी म्हणणार नाही. बदलले होते ते माप. उत्तीर्णतेचा आकडा विद्यार्थ्याच्या भाषेविषयी किती अल्प सांगतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडते.

तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेत अखेरीस पाच गुणांचा भाषांतराचा प्रश्नही आहे. इंग्रजी शब्द, वाक्ये व म्हण यांचे माध्यम-भाषेत रूपांतर करावयाचे असते. म्हणजे तर्खडकर एका बाजूने परत आले. शहरातील मराठी मुलासाठी हे हक्काचे गुण होत. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मात्र 'इज' वाचताच मनात 'शे' येते आणि कागदावर 'आहे' लिहावे लागते. 'माय' चे आधी 'मना' होते, मग 'माझा'. पाड्यावरच्या मुलाची वाट याहून लांबची आहे. त्याचे भाषांतर चुकले तर उणीव इंग्रजीची की प्रमाण मराठीची, हे परीक्षकाला उत्तरपत्रिकेवरून ओळखता येत नाही, आणि दोन्ही प्रसंगी कापलेला गुण इंग्रजीच्याच रकान्यात जमा होतो.